राखेची पाने किती आहेत ते पाहावे : फिनिक्स आणि नव्या सुरुवातीची पुस्तके कशी निवडावीत, कशी वाचावीत

बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू झाला, दुखापतीनंतर एखादा खेळाडू मैदानात परतला किंवा पुरात बुडालेली बाजारपेठ सावरली, की आपल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत राखेतून पुन्हा उठणारा फिनिक्स पक्षी हमखास हजर होतो. या सवयीचा एक परिणाम असा झाला आहे, की पक्ष्याची भरारी तेवढी सर्वांच्या लक्षात राहिली आणि त्याआधीची राख मात्र एका शब्दात उरकली जाऊ लागली. कोसळून पुन्हा उभे राहिलेल्या माणसांची पुस्तके ज्याला स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कोणासाठी निवडायची आहेत, त्याने पहिल्यांदा ही सवय सोडावी. पुस्तकाची पारख त्यातल्या भरारीवरून न करता राखेवरून करावी, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते कसे करावे हे पुढे सांगितले आहे.

सुरुवात मूळ कथेपासून करणे चांगले, कारण तिला फार वेळ लागत नाही आणि तिने पुढचे सगळे वाचन बदलते. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने आपल्या ‘इतिहासा’च्या इजिप्तविषयक दुसऱ्या भागात या पक्ष्यावर एक छोटासा परिच्छेद लिहिला आहे. आपण हा पक्षी केवळ चित्रात पाहिला, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. इजिप्तमधल्या हेलिओपोलिस या शहरातल्या लोकांच्या सांगण्यानुसार पाचशे वर्षांतून एकदा, आपला पिता मरण पावल्यावर, हा पक्षी अरबस्तानातून येतो. येताना तो हिराबोळाचा, म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीच्या औषधांत असतो त्याच सुगंधी डिंकाचा, आपल्याला पेलेल एवढा अंडाकृती गोळा करतो, तो उचलून उडता येते की नाही याचा सराव करतो, मग गोळा आतून कोरून त्यात पित्याचा देह ठेवतो आणि छिद्र पुन्हा हिराबोळानेच बुजवतो. तेव्हा गोळ्याचे वजन पहिल्याइतकेच भरते. या वृत्तांतात आगीचा उल्लेखच नाही. रोमन कवी ओव्हिड याच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या पंधराव्या भागात हा पक्षी दालचिनी, जटामांसी आणि हिराबोळ यांच्या घरट्यात प्राण सोडतो, आणि त्याच्या देहातून जन्मलेले पिल्लू अंगात बळ आल्यावर ते घरटे, म्हणजे स्वतःचा पाळणा आणि पित्याची समाधी, उचलून सूर्याच्या मंदिरात नेते. तिथेही ज्वाळा नाहीत. चितेवर स्वतःला जाळून घेणारा आणि राखेतून उठणारा फिनिक्स नंतरच्या लेखकांनी रूढ केला.

ही हकिगत सांगण्याचे कारण असे, की जुन्या कथेतला नवा पक्षी मोकळ्या पंखांनी उडत नाही. त्याची पहिली झेप जुन्याचे ओझे घेऊन होते, आणि ते ओझे पेलेल की नाही हे त्याने आधीच तपासलेले असते. बाराव्या शतकातील फारसी सूफी कवी अत्तार याने तर हा पक्षी हिंदुस्थानात राहतो असे म्हटले आहे. त्याच्या चोचीला बासरीसारखी पुष्कळ छिद्रे असून त्यांतून सूर निघतात. सुमारे हजार वर्षांनी तो लाकडे रचून स्वतःला जाळतो आणि राखेतून नवे पिल्लू निघते. पण अत्तार ही गोष्ट सांगतो ती आपल्या काव्यातल्या, मृत्यूला भिणाऱ्या एका पक्ष्याला उत्तर म्हणून, आणि तिचा रोख असा, की एवढे दीर्घ आयुष्य असलेल्यालाही मरण चुकले नाही. धीर देणारी म्हणून आज सर्रास वापरली जाणारी प्रतिमा एका थोर कवीने असा दिलासा नाकारण्यासाठी वापरली होती, हे वाचकाने मनाशी ठेवावे.

आधुनिक पुस्तकांकडे वळताना रे ब्रॅडबरी यांची १९५३ मधील ‘फॅरनहाइट ४५१’ ही कादंबरी आधी घ्यावी. तिच्यातल्या अग्निशामकांचे काम पुस्तके जाळण्याचे आहे, आणि त्यांच्या छातीवरच फिनिक्सचे चिन्ह आहे; म्हणजे जाळणाऱ्यांनीच पुनर्जन्माचे बोधचिन्ह लावलेले आहे. अखेरीस शहर बेचिराख झाल्यावर एक पात्र या पक्ष्याला मूर्ख ठरवते, कारण तो पुन्हा पुन्हा तेच करतो. माणसाकडे त्याच्याहून एक गोष्ट जास्त आहे आणि ती म्हणजे आपण काय मूर्खपणा केला याची आठवण. ओसामू तेझुका यांची ‘हि नो तोरि’ (म्हणजे अग्निपक्षी, फिनिक्सच) ही जपानी चित्रकथामाला त्यांनी अनेक दशके लिहिली आणि १९८९ मध्ये त्यांच्या निधनाने ती अपुरी राहिली. तिच्या नारा काळातल्या, म्हणजे आठव्या शतकातल्या जपानमध्ये घडणाऱ्या भागात एक डोळा आणि एक हात गमावलेला दरोडेखोर मूर्तिकार होतो. त्याने ज्याचा हात निकामी केला तो कलावंत दुसऱ्या हाताने कोरायला शिकतो खरा, पण पुढे मानसन्मानाने पोकळ होत जातो. उभे राहणे आणि चांगले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी कथा मला दुसरी आढळलेली नाही.

दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक हातात आले, की मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नये. पुस्तक एक तृतीयांशाच्या आसपास उघडावे आणि चार-पाच पाने सलग वाचावीत. संकट पहिल्याच प्रकरणात संपून तिथून पुढे सल्ल्यांना आणि यशाला सुरुवात झालेली असेल, तर ते पुस्तक बहुधा परत ठेवण्याच्या लायकीचे असते. त्यानंतर मजकुराला तीन प्रश्न विचारावेत. कायमचे काय गेले हे लेखक सांगतो का, हा पहिला. त्याच्या उभे राहण्याची किंमत घरातल्या दुसऱ्या कोणी मोजली असेल, तर त्या माणसाला पुस्तकात जागा आहे का, हा दुसरा. आणि तिसरा, जो मराठी वाचकाने कधीही गाळू नये, तो म्हणजे आग कोणी लावली.

हा तिसरा प्रश्न विशेषतः दलित आत्मकथनांच्या बाबतीत कळीचा आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तके भेट देताना ‘गरिबीतून वर आलेल्या माणसाची प्रेरणादायी कहाणी’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे, आणि थोडी सोयीचीही आहे, कारण तसे म्हटले की जाळणारी व्यवस्था नजरेआड होते आणि उरते ती एका व्यक्तीची जिद्द. ‘बलुतं’मध्ये शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि त्याच्याच आतला दगडू मारुती पवार यांचा संवाद आहे, आणि भूतकाळ मागे टाकून पुढे जाण्याची सोय त्या संवादात कुठेही नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये तर ‘मी’पेक्षा ‘आम्ही’च अधिक आहे; तिथे सावरतो आहे तो एक समाज, आंबेडकरी चळवळीच्या आधाराने. ही पुस्तके जरूर वाचावीत, मात्र स्वतःच्या नोकरीतल्या निराशेवरचा उतारा म्हणून वाचू नयेत.

आता पुस्तक कोणासाठी हवे आहे याचा विचार करावा, कारण एका प्रसंगी आधार देणारे पुस्तक दुसऱ्या प्रसंगी जखमेवर मीठ चोळते. घरात नुकताच मृत्यू झालेल्या माणसाला नव्या सुरुवातीचे कोणतेही पुस्तक देऊ नये. त्याला एवढ्यात उठायचे नसते. त्याने स्वतःहून काही मागितले, तर तुकारामांची गाथा द्यावी आणि एका बैठकीत एकच अभंग वाचायला सुचवावे. ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’ हा अभंग इथे फार उपयोगी पडतो. दुष्काळ, दिवाळे, जनांतली दुर्दशा, अपमान, गेलेले धन आणि गेलेली गुरेढोरे यांचा हिशेब त्यात एकेक करून मांडलेला आहे आणि प्रत्येकापुढे ‘बरें’ हा शब्द ठेवलेला आहे. तो शब्द खरा वाटतो, कारण कोणताही तोटा हिशेबातून वगळलेला नाही.

आजारातून उठलेल्या माणसासाठी डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक योग्य ठरते. गडचिरोलीत आरोग्यसेवा आणि संशोधन करणारा डॉक्टर स्वतः रुग्ण झाल्यावर आपला आहार, व्यायाम, ताण आणि ध्यान यांची छाननी संशोधकाच्याच चिकाटीने करतो. पुस्तक २००० मधले असल्याने त्यातला वैद्यकीय तपशील आपल्या डॉक्टरांना विचारूनच अमलात आणावा. व्यसनाशी झगडणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी अनिल अवचट यांची ‘मुक्तांगणची गोष्ट’ वाचावी. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या या व्यसनमुक्ती केंद्राची ती कहाणी आहे, आणि व्यसनमुक्तीच्या वाटेवर पुन्हा घसरणे हे नेहमीचेच असल्यामुळे एकाच भरारीची अपेक्षा घरच्यांच्या मनातून काढून टाकणे हा तिचा खरा उपयोग आहे.

ज्याचे घर किंवा सगळी जीवनपद्धतीच मोडून नव्याने मांडावी लागत आहे, त्याच्यासाठी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रां’ची बरोबरी करणारे दुसरे मराठी पुस्तक नाही. १९३४ ते १९३६ या काळात ते भागांनी प्रसिद्ध झाले. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग परतल्या, पण आपले सोवळे-ओवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवूनच. जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने केला, या निष्कर्षाला त्या नंतर स्वतःच्या विचाराने पोहोचल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा बदल इतका सावकाश, इतक्या विनोदाने आणि इतक्या घरगुती तपशिलांतून घडतो, की तो नेमका कोणत्या पानावर घडला हे वाचकाला बोट ठेवून दाखवता येत नाही. फिनिक्सची कथा नेमके इथे अपुरी पडते, कारण माणूस एका ज्वाळेत बदलत नाही.

‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे मल्लिका अमर शेख यांचे १९८४ मधील आत्मकथन मात्र या यादीत मुद्दाम ठेवावे. शीर्षकातच भरारीला नकार आहे, आणि आत लग्नातल्या होरपळीचे जे वर्णन आहे त्यावर शेवटी कोणताही मुलामा चढवलेला नाही. सकारात्मक पुस्तकांचा कंटाळा आलेल्या वाचकाला ते अधिक प्रामाणिक सोबत देईल.

वाचताना पेन्सिल जवळ ठेवावी आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दोन रकाने आखावेत, एकात गेलेल्या गोष्टी आणि दुसऱ्यात परत आलेल्या किंवा नव्याने मिळालेल्या. पुस्तक वाचनालयाचे असेल तर अर्थातच वही वापरावी. त्याच्या शेजारी वर्षे लिहीत जावे, कारण आत्मचरित्रांत दोन वाक्यांच्या मध्ये कधीकधी पाच वर्षे निघून जातात आणि वाचकाला वाटते की माणूस महिन्याभरात सावरला. ज्या काळाविषयी लेखक गप्प आहे, तिथे खूण करून पुढे जावे. एखादा मित्र किंवा वाचनगट सोबत असेल, तर बोलायला बसताना त्या खुणांपासूनच सुरुवात करावी. शेवट आधी वाचण्याची सवय असलेल्यांनी या प्रकारच्या पुस्तकांत ती खुशाल चालू ठेवावी, कारण माणूस वाचला हे आपल्याला ठाऊकच असते. पाहायचे असते ते कसा.

मुलांसाठी निवड सोपी आहे. हॅरी पॉटर मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात फॉक्स नावाचा फिनिक्स पेट घेतो आणि राखेतून सुरकुतलेले, कुरूप पिल्लू डोके बाहेर काढते. ही मालिका मराठीत उपलब्ध आहे, आणि नवी सुरुवात दिसायला देखणी नसते हे मुलांना त्या एका दृश्यावरून कळते. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना इ. नेस्बिट यांचे १९०४ मधील ‘द फिनिक्स अँड द कार्पेट’ द्यावे. त्यातला फिनिक्स विलक्षण गर्विष्ठ आहे आणि लंडनमधल्या आपल्याच नावाच्या आगविमा कंपनीचे कार्यालय हे आपले मंदिर आहे अशी त्याची खात्री असते. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ते मोठ्याने वाचून दाखवावे, रोज एक प्रकरण याप्रमाणे, आणि विमा म्हणजे काय हे आधी सांगून ठेवावे.