एन-४०० भरण्याआधी दिवस मोजून घ्या

सुरुवात कार्डापासून करा. ग्रीनकार्ड पाकिटातून काढा आणि त्यावरची 'रेसिडेंट सिन्स'ची, म्हणजे कायम रहिवासी झाल्याची, तारीख शोधा. कार्ड टपालानं घरी आलं ती तारीख नव्हे, आणि ऑफिसात पेढे वाटले ती तर नव्हेच. एन-४०० म्हणजे अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज, आणि त्याचा सगळा हिशेब या एका तारखेपासून सुरू होतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काढलेली दहा-बारा वर्षं, भरलेला कर, फेडत आणलेलं घराचं कर्ज, हे सगळं या हिशेबात शून्य. आपल्या लोकांना ते पचत नाही, कारण भारतीयांची ग्रीनकार्डाची रांगच एवढी लांब की कार्ड हाती पडेपर्यंत इथं जन्मलेलं पोर मिडल स्कूलला जायला लागतं. लग्नामुळे आधी दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळालं असेल, तर ती दोन वर्षं मात्र धरायची.

ती तारीख एका कोऱ्या कागदावर लिहा आणि तिच्यात ५ वर्षं मिळवा. नवरा किंवा बायको अमेरिकी नागरिक असेल तर ३ वर्षं पुरतात, पण त्या तीनही वर्षांत जोडीदार नागरिक असायला हवा आणि दोघं एकत्र राहत असायला हवेत. जोडीदाराची नागरिकत्वाची शपथ गेल्या वर्षी झाली असेल तर तीन वर्षांची मोजणी शपथेपासून होते, लग्नापासून नाही. आमच्या मंडळातल्या एका जोडप्यानं नेमकी हीच चूक केली आणि भरलेली फी पाण्यात गेली.

आता आलेल्या तारखेतून ९० दिवस वजा करा. इतकं आधी अर्ज टाकता येतो. समजा कार्डावर १५ जून २०२१ आहे. पाच वर्षं १५ जून २०२६ ला भरतात, आणि ९० दिवस मागे गेलं की १७ मार्च २०२६ येते. 'तीन महिने आधी' असं म्हणून १५ मार्च काढाल तर दोन दिवस लवकर पोचाल, आणि लवकर गेलेला अर्ज नामंजूर होतो. हे अर्ज हाताळणाऱ्या यूएससीआयएस या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर यासाठी गणकयंत्र आहे, ते वापरा आणि वर आणखी चार-पाच दिवस सोडा. इतकी वर्षं थांबलात, आठवड्यानं काही बिघडत नाही. ही ९० दिवसांची सवलत फक्त ग्रीनकार्डावरच्या वर्षांना लागू आहे. तीन वर्षांच्या वाटेनं जाणाऱ्यांची एकत्र राहण्याची तीन वर्षं अर्जाच्या दिवशी पुरी झालेली हवीत, आणि पुढे सांगतो ती हजेरीही.

इथंच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, म्हणून जरा थांबतो. कायद्याला दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. पहिली सलग वास्तव्य, म्हणजे तुमचा संसार, तुमचं बिऱ्हाड त्या वर्षांत अमेरिकेतच होतं का. दुसरी प्रत्यक्ष हजेरी, म्हणजे तुम्ही देहानं किती दिवस इथं होतात. पहिल्या प्रश्नात एकेका दौऱ्याची लांबी बघतात, दुसऱ्यात सगळ्या दौऱ्यांची बेरीज. एकात उत्तीर्ण होऊन दुसऱ्यात नापास होता येतं.

हजेरीचा आकडा सोपा आहे. पाच वर्षांच्या वाटेला अर्ज टाकण्याच्या दिवसापासून मागच्या पाच वर्षांत ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस. तीन वर्षांच्या वाटेला १८ महिने, म्हणजे ५४८ दिवस. निघण्याचा दिवस आणि परतण्याचा दिवस, दोन्ही अमेरिकेतच धरतात. नोकरदार माणूस वर्षाला तीन आठवडे भारतात जाणार, त्याला याची काळजी नाही. काळजी आहे ती आपल्या आई-बाबांना.

पण त्याआधी दौऱ्यांची यादी, कारण ती केल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. एक अख्खी दुपार राखून ठेवा. चालू पासपोर्ट काढा, आणि नूतनीकरणानंतर कोपरा कापून परत आलेला जुनाही काढा. कपाटात सोन्याच्या पावत्यांबरोबर ठेवलेला असतो. अर्जात पाच वर्षांतला २४ तास किंवा त्याहून जास्त लांबीचा प्रत्येक परदेश दौरा तारखांसह लिहायचा असतो. नायगाऱ्याचा पलीकडचा धबधबा बघून कॅनडात दोन रात्री राहिलात, तो दौरा धरा. मेक्सिकोतलं कंपनीचं संमेलन धरा.

शिक्क्यांच्या बाबतीत एक गोम आहे. अमेरिका सोडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, त्यामुळे हाताशी असतो तो मुंबईत उतरल्याचा शिक्का. नूअर्कहून १० तारखेच्या रात्री निघालात की मुंबईचा शिक्का ११ चा किंवा १२ चा पडतो, पण अर्जात लिहायची ती १०. परतताना उलटं: मध्यरात्रीनंतर मुंबई सोडली तर कालफरकामुळे बहुधा त्याच तारखेला इथं उतरता. म्हणून शिक्क्यांवर एकट्यावर विसंबू नका. ईमेलमध्ये विमान कंपनीचं नाव टाकून शोधा, जुनी तिकिटं निघतील. तिकीट नाही सापडलं तर फोनमधले फोटो बघा. दादरच्या फुलबाजारातला फोटो कोणत्या दिवशीचा आहे ते फोन सांगतो. नवरा-बायकोनं आपापली यादी वेगवेगळी करावी आणि मग ताडून पाहावी. एकत्र केलेल्या प्रवासाच्या तारखा दोन अर्जांत वेगळ्या दिसल्या तर मुलाखतीत उगाच प्रश्न निघतात.

यादी झाली की प्रत्येक दौऱ्यापुढे दिवस लिहा आणि १८० च्या वर गेलेला आकडा लाल पेनानं घेरा.

काहीच लाल नसेल तर सुटलात. एखादा दौरा १८० दिवसांहून लांब पण वर्षाहून कमी असेल, तर सलग वास्तव्य मोडलं असं अधिकारी गृहीत धरतात आणि ते मोडलं नव्हतं हे दाखवणं तुमच्यावर येतं. हे दाखवता येतं, फक्त पुरावे आधीपासून जमवा. त्या काळात इथली नोकरी सोडली नव्हती, तिकडे नोकरी धरली नव्हती, बायको-मुलं इथंच होती, घर भाड्यानं देऊन टाकलं नव्हतं. पगाराच्या पावत्या, घराचा हप्ता, वीजबिल, मुलांच्या शाळेची कागदपत्रं, सगळं एका फाइलीत घाला. माझी मावशी २०२० च्या फेब्रुवारीत कोल्हापूरला गेली होती. मार्च २०२० मध्ये भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली आणि ती ऑक्टोबरपर्यंत अडकली. पुढे अर्जाच्या वेळी तिनं रद्द झालेली दोन तिकिटं, इथल्या घराची बिलं आणि डॉक्टरच्या चुकलेल्या भेटीची पत्रं जोडली. मुलाखतीत त्यावर पाच मिनिटं बोलणं झालं आणि विषय संपला. कागद नसते तर तिला नुसतं 'काय करणार, विमानच नव्हतं' एवढंच म्हणता आलं असतं.

दौरा पूर्ण वर्षाचा किंवा त्याहून मोठा असेल तर मात्र समजूत काढण्याची सोय नाही. सलग वास्तव्य मोडलं. परतल्यापासून ४ वर्षं आणि १ दिवस गेल्यावर अर्ज करता येतो, तीन वर्षांच्या वाटेला २ वर्षं आणि १ दिवस. तेव्हाही त्या गैरहजेरीचा सहा महिन्यांहून मोठा तुकडा मागच्या पाच वर्षांत शिल्लक राहतो आणि त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. ज्यांना घाई नाही त्यांनी आणखी सहा महिने थांबावं.

'पण मी री-एंट्री परमिट काढलं होतं' असं कुणीतरी दरवेळी म्हणतंच. लांब बाहेर राहून परत येण्याच्या त्या परवान्यानं ग्रीनकार्ड वाचतं, नागरिकत्वाचं घड्याळ वाचत नाही. कंपनीनं पुण्याच्या ऑफिसात दोन वर्षांसाठी धाडलं असेल तर त्यासाठी एन-४७० नावाचा वेगळा अर्ज आहे. पण तो अमेरिकी सरकार, अमेरिकी कंपनी, मान्यताप्राप्त संशोधन संस्था अशा ठरावीक मालकांसाठी काम करणाऱ्यांनाच मिळतो, आणि त्याआधी ग्रीनकार्डावर इथं सलग एक वर्ष, एकही दिवस बाहेर न जाता, काढलेलं लागतं. शिवाय कंपनीतल्या माणसाला त्यानं हजेरीच्या ९१३ दिवसांत सूट मिळत नाही. पुण्याची बदली स्वीकारण्याआधी हे वाचा, नंतर नाही.

आता आई-बाबा. मुलानं किंवा मुलीनं बोलावलं, साठीनंतर ग्रीनकार्ड मिळालं, आणि मग वर्षाचं कोष्टक ठरलं: उन्हाळा न्यू जर्सीतल्या एडिसनला, थंडी कोथरूडला. मध्ये भाच्याचं लग्न, दाताचं काम, फ्लॅटच्या सोसायटीची सभा. एकही दौरा सहा महिन्यांचा नाही, सगळे दोन-तीन महिन्यांचे, म्हणून घरचे निर्धास्त. बेरीज करा. वर्षाला २१० दिवस भारतात म्हणजे पाच वर्षांत १,०५० दिवस बाहेर. पाच वर्षांच्या १,८२६ दिवसांतून ते वजा केले की उरतात ७७६. ९१३ ला १३७ कमी. लाल पेन एकदाही न वापरता अर्ज बुडाला. अशा वेळी उपाय एकच, पुढची एखादी थंडी इथंच काढायची आणि मग पुन्हा मागची पाच वर्षं मोजायची. बाबांना हे सांगणं अवघड असतं हे मला ठाऊक आहे. हिमवर्षावात घरात बसून टीव्ही बघायला कुणी नागरिक होत नाही.

त्यांच्यासाठी दुसरी एक तारीखही कागदावर लिहा. अर्जाच्या दिवशी वय ५० आणि ग्रीनकार्डाला एकूण २० वर्षं, किंवा वय ५५ आणि ग्रीनकार्डाला १५ वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि इतिहास-राज्यव्यवस्थेचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीतून विचारून घेता येतात. वय ६५ आणि २० वर्षं असतील तर प्रश्नांचा संचही छोटा मिळतो. कुणाच्या आईला पंधरावं वर्ष भरायला सहा महिने उरले असतील, तर तेवढं थांबणं शहाणपणाचं. कार्ड वयाच्या बासष्टीला मिळालं असेल तर पंधरा वर्षं थांबण्यापेक्षा आत्ताच अभ्यासाला बसवा. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांना १२८ प्रश्नांचा नवा संच आहे, त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. चौथीची स्कॉलरशिप दिलेल्या पिढीला त्याचं फार भय वाटत नाही, असा माझा अनुभव.

राज्य बदललंत का, तेही बघा. अर्ज टाकण्याआधी ३ महिने त्या राज्यात राहिलेलं असावं लागतं. न्यू जर्सीहून टेक्सासला गेलात तर भाडेकरार आणि नव्या ड्रायव्हिंग लायसन्सवरच्या तारखा जपून ठेवा आणि तीन महिने थांबा.

करविवरणं काढून ठेवा. ग्रीनकार्ड असताना एखाद्या वर्षी अनिवासी म्हणून विवरण भरलं असेल, तर अर्जाआधी वकिलाला गाठा. आपण इथले रहिवासी नाही असं स्वतःच लिहून दिल्यासारखं ते होतं.

घरात सतरा वर्षांचं, भारतात जन्मलेलं, ग्रीनकार्डावरचं मूल असेल तर सगळी तयारी त्याच्या वाढदिवसाच्या उलट दिशेनं करा. अठरा पूर्ण होण्याआधी आई किंवा बाबा नागरिक झाले आणि मूल त्यांच्या ताब्यात इथंच राहत असलं, तर ते आपोआप नागरिक होतं. वेगळा एन-४०० नाही, परीक्षा नाही. इथं मोजायचा तो पालकाच्या शपथेचा दिवस, अर्जाचा नाही. अर्ज आणि शपथ यांच्यात कित्येक महिने जाऊ शकतात, त्यामुळे अशा घरात ९० दिवसांची सवलत पहिल्याच आठवड्यात वापरा.

अर्ज गेला म्हणजे मोजणी संपली असं नाही. सलग वास्तव्य शपथेपर्यंत टिकवावं लागतं. बोटांचे ठसे, मुलाखत, शपथ, यांची पत्रं कधी येतील सांगता येत नाही, म्हणून या काळात भारतात लांब मुक्काम ठोकू नका, आणि गेलातच तर तो दौरा यादीत चढवा. मुलाखतीत नवी यादी विचारतात. शपथेच्या दिवशी भरायच्या कागदावरही मुलाखतीनंतर परदेशी गेला होतात का, हा प्रश्न असतो.

शेवटचं काम तिकिटाचं. शपथेच्या दिवशी ग्रीनकार्ड परत घेतात आणि हाती नागरिकत्वाचं प्रमाणपत्र देतात. त्याच दिवसापासून भारतीय नागरिकत्व संपतं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमानुसार. म्हणजे भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही आणि अमेरिकी पासपोर्ट अजून आलेला नाही, अशी मधली अवस्था असते. आधी अमेरिकी पासपोर्टचा अर्ज, मग भारतीय पासपोर्ट रीतसर जमा करून त्याचा दाखला, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड. ओसीआय येईपर्यंत जायचंच असेल तर अमेरिकी पासपोर्टवर भारताचा ई-व्हिसा काढता येतो. शपथेचं पत्र श्रावणात आलं आणि गणपतीची तिकिटं आधीच काढलेली असतील, तर विमान कंपनीला तारीख बदलायचे किती पैसे पडतात ते त्याच दिवशी विचारून घ्या.