जुन्या लॅपटॉपवर घरचा मीडिया सर्व्हर: जेलीफिन कसं बसवायचं

आमच्याकडे लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात बुटांच्या खोक्यात एकवीस व्हीसीडी होत्या. धाकट्या आत्याचं लग्न तीन डिस्कवर, माझी मुंज दोनवर, आजोबांची पंच्याहत्तरी एकीवर, आणि बाकीची विकत घेतलेली नाटकं. व्हीसीडी प्लेयर बंद पडल्यावर त्या खोक्याला कुणी हात लावला नव्हता. आता हे सगळं आजी दुपारी जेवण झाल्यावर टीव्हीवर रिमोटने लावून बघते. त्यासाठी लागला एक जुना लॅपटॉप, एक हार्ड डिस्क आणि जेलीफिन नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. ते लॅपटॉपला मीडिया सर्व्हर बनवतं, म्हणजे त्यावरचे व्हिडिओ घरातल्या टीव्हीला आणि फोनला पुरवतं.

लग्नाची कॅसेट किंवा भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग कुठल्याही ओटीटीवर मिळणार नाही. ते जपायचं तर आपणच जपायला हवं. सर्व्हर उभा करायचं काम एका दुपारचं आहे, पण फायलींना नावं लावून त्या नीट रचायला पंधरा दिवस लागतात. सगळी मेहनत तिथेच आहे, म्हणून त्या भागावर मी जास्त लिहिलं आहे.

जेलीफिनच का

घरच्या मीडिया सर्व्हरसाठी बरीच सॉफ्टवेअर आहेत. मी जेलीफिन निवडलं, कारण ते पूर्ण मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. एम्बी नावाच्या सर्व्हरने २०१८ मध्ये आपला सोर्स कोड बंद केला, तेव्हा काही स्वयंसेवकांनी आधीच्या मुक्त कोडवरून वेगळी वाट काढली, तेच जेलीफिन. यात कुठल्या कंपनीकडे खातं उघडावं लागत नाही आणि पैसे भरून उघडणारी सुविधाही नाही. घरातलं इंटरनेट बंद पडलं तरी राउटर चालू असेपर्यंत टीव्हीवर सगळं दिसतं.

मशीन

दहा वर्षांपर्यंतचा कुठलाही लॅपटॉप चालेल. चार जीबी रॅम पुरते, आठ असेल तर उत्तम. इंटेलचा सहाव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तर पुढे व्हिडिओ बदलून पाठवायचं काम हलकं होतं. लॅपटॉपचा मोठा फायदा बॅटरीचा: वीज गेली तरी सर्व्हर धाडकन बंद पडत नाही आणि डिस्कवरच्या फायली बिघडत नाहीत. मात्र बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेला वाटला, तर ती आधी काढून टाका. चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवायच्या वस्तूत ही जोखीम घेऊ नये.

विजेचं म्हणाल तर स्क्रीन बंद असलेला असा लॅपटॉप साधारण बारा वॅट घेतो असं धरा. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला नऊ युनिटच्या आतच.

डेबियन टाकणं

लॅपटॉपमधलं जे काही हवं ते आधी दुसरीकडे काढून घ्या, कारण आतली डिस्क पूर्ण पुसली जाणार आहे. विंडोजच्या जागी आपण डेबियन हा लिनक्सचा प्रकार टाकणार आहोत. डेबियनच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवा, रूफससारख्या सॉफ्टवेअरने तो पेनड्राइव्हवर लिहा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. डेबियन १२ पासून वायफायसाठी लागणारं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे पूर्वीची शोधाशोध उरलेली नाही.

इन्स्टॉल करताना दोन ठिकाणी थांबून विचार करा. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड विचारतात तिथे काहीही न लिहिता पुढे जा. मग तुमच्या नेहमीच्या युजरलाच सुडोचे, म्हणजे गरजेपुरते रूटसारखे, अधिकार मिळतात. शेवटी कोणकोणते संच हवेत असं विचारतात, तिथे डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा आणि एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून या मशीनवर आज्ञा चालवायची सोय) व स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज एवढ्या दोनच ठेवा. एकदा हे झालं की पुढचं सगळं काम तुमच्या रोजच्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने करता येतं.

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, ते बंद करावं लागतं. इटीसी फोल्डरातल्या सिस्टिमडी फोल्डरात लॉगइनडी डॉट कॉन्फ नावाची फाइल असते. तिच्यात हँडल-लिड-स्विचची ओळ शोधा, पुढचं हॅशचं चिन्ह पुसा, बरोबरच्या चिन्हानंतर इग्नोर लिहा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

मग राउटरच्या पानावर जाऊन या लॅपटॉपसाठी आयपी पत्ता राखून ठेवा. बहुतेक राउटरमध्ये हे डीएचसीपी रिझर्वेशन किंवा ॲड्रेस रिझर्वेशन या नावाखाली सापडतं. हे केलं नाही तर एखाद्या दिवशी पत्ता बदलतो आणि टीव्हीला सर्व्हर सापडत नाही. जमलं तर लॅपटॉप वायफायऐवजी केबलनेच राउटरला जोडा. व्हिडिओ अडखळण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

डिस्क आणि परवानग्या

व्हिडिओंसाठी वेगळी हार्ड डिस्क घ्या. आमच्या एकवीस व्हीसीडी मिळून पंधरा जीबीसुद्धा झाल्या नाहीत. जागा खातात ते फोनवरचे व्हिडिओ आणि हँडीकॅमच्या टेपा. मिनी-डीव्ही टेपचा एक तास म्हणजे सुमारे तेरा जीबी. दोन टीबीची डिस्क घरासाठी बरीच वर्षं पुरते.

डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करा आणि कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये तिच्या यूयूआयडीने (डिस्कच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाने) नोंद घाला, म्हणजे दर वेळी ती त्याच जागी जोडली जाईल. नोंदीत नोफेल हा पर्याय नक्की लिहा. तो नसेल आणि कधी डिस्कची केबल निघालेली असेल, तर लॅपटॉप सुरू होतानाच अडकून बसतो.

जेलीफिन हे जेलीफिन याच नावाच्या युजरखाली चालतं. त्या युजरला तुमचे फोल्डर उघडता आणि वाचता आले पाहिजेत. लायब्ररी जोडली पण आत काहीच दिसत नाही, ही नव्या माणसाची सगळ्यात नेहमीची अडचण आणि तिचं कारण जवळजवळ प्रत्येक वेळी परवानगी हेच असतं. फोल्डरांना ७५५ आणि फायलींना ६४४ परवानगी द्या (म्हणजे बदल फक्त मालक करू शकतो, वाचू सगळे शकतात), आणि डिस्क कुणाच्या होम फोल्डरच्या आत जोडू नका. विंडोजवरून फायली टाकायच्या असतील तर सांबा हे विंडोजला लिनक्सवरचे फोल्डर दाखवणारं सॉफ्टवेअर बसवून हा फोल्डर शेअर करा.

जेलीफिन बसवणं

हा भाग सगळ्यात सोपा. जेलीफिनच्या अधिकृत संकेतस्थळावर डेबियन आणि उबुंटूसाठी एका ओळीची आज्ञा दिलेली आहे; ती तिथूनच कॉपी करून टर्मिनलमध्ये चालवा. पाच-दहा मिनिटांत काम होतं. मग कुठल्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता, त्यापुढे कोलन (:) आणि ८०९६ हा पोर्ट इंग्रजी आकड्यांत टाइप करा. स्वागताचं पान उघडेल. भाषा निवडा, मुख्य युजर करा, त्याला दणकट पासवर्ड द्या. लायब्ररी जोडायला विचारेल ते तूर्त सोडून द्या. आधी फायली लावू.

डिस्कवरून उतरवणं

व्हीसीडीचं एक गूढ सांगतो, कारण त्यात माझा एक दिवस गेला. लिनक्सवर डिस्क उघडली, एमपीईजीएव्ही फोल्डरातली डॅट फाइल ओढून बाहेर टाकायला गेलो तर इनपुट-आउटपुट एरर. दुसरी डिस्क, तोच प्रकार. तिसरी, तेच. मी आत्याच्या लग्नाच्या तिन्ही डिस्क खराब झाल्या असं समजून बाजूला काढल्या. त्या ठणठणीत होत्या. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट मजकूर असतो. व्हीसीडीत चूक सुधारण्यासाठी राखलेली जागाही व्हिडिओला देऊन तो २३२४ पर्यंत नेलेला असतो. फाइल नेहमीसारखी वाचायला गेलं की लिनक्स तिथे अडतो.

उपाय: डेबियनमध्ये व्हीसीडी-इमेजर हे पॅकेज बसवा. त्यातली व्हीसीडी-एक्स-रिप ही आज्ञा डिस्क तिच्या पद्धतीने वाचते आणि एमपीजी फायली काढून देते. डिस्क खरोखरच चरे पडलेली असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. तरीही वाचली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह वाचतो, हे माझ्याकडे दोनदा झालं.

व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच असतं. मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणार. ते सुधारायच्या नादात मूळ फाइल बदलू नका, आहे तशी ठेवा. लग्नाच्या डीव्हीडी असतील तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांचं एमपी४ करता येतं. तिथे डिइंटरलेसचा पर्याय चालू करा, नाहीतर हात हलले की कंगव्यासारख्या रेघा दिसतात. डीव्हीडीवरच्या मूळ व्हीओबी फायलीही जपून ठेवा.

विकत घेतलेल्या नाटकांच्या डिस्क उतरवल्यात तर त्या घरापुरत्याच ठेवा. त्यामागे कलाकारांचे आणि निर्मात्याचे हक्क आहेत.

नावं

इथे घाई करू नका. जेलीफिन फाइलच्या नावावरून आणि फोल्डरांच्या रचनेवरून सगळं ओळखतं. सिनेमासाठी प्रत्येकाचा वेगळा फोल्डर, त्याचं नाव म्हणजे सिनेमाचं नाव आणि कंसात वर्ष. आत त्याच नावाची फाइल. मालिकेसाठी मालिकेच्या नावाचा फोल्डर, आत सीझन ०१ आणि फाइलच्या नावात एस०१ई०१ अशी खूण. हे शब्द आणि खुणा इंग्रजी अक्षरांतच लिहायच्या.

घरच्या व्हिडिओंना मी तारखेने सुरुवात करतो: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे देवनागरीत ‘धाकट्या आत्याचं लग्न, सीमांतपूजन’. देवनागरी नावं जेलीफिनला बिनधास्त चालतात. आकडे मात्र सगळीकडे इंग्रजीच ठेवा. काही मराठी, काही इंग्रजी झाले की क्रम बिघडतो. तारीख माहीत नसेल तर नुसतं वर्ष लिहा, आणि वर्षही माहीत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. आम्ही आजोबांच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ लावून बसलो तेव्हा आजी म्हणाली, “अरे, ही निळी साडी मी तुझ्या बाबांच्या बढतीनंतर घेतली होती.” मग आम्ही पुढे बघत गेलो आणि ती एकेकाचं नाव सांगत गेली. मी ती सगळी नावं त्या व्हिडिओच्या माहितीत, ओव्हरव्ह्यूच्या चौकटीत लिहून ठेवली. त्यातली निम्मी माणसं मी कधी बघितलेलीच नव्हती. हे काम जेवढं लवकर कराल तेवढं चांगलं, कारण ओळखणारी माणसं थोडी राहिलेली असतात.

लायब्ररी

आता डॅशबोर्डमधून लायब्ररी जोडा. लग्न, मुंज, सहली यांच्यासाठी होम व्हिडिओज अँड फोटोज हा प्रकार निवडा. मी सुरुवातीला सगळं मूव्हीजमध्ये टाकलं होतं, तर जेलीफिनने इंटरनेटवर शोधून आत्याच्या लग्नाला भलत्याच सिनेमाचं पोस्टर लावलं.

नाटकांसाठी मूव्हीज हाच प्रकार बरा, पण लायब्ररी करतानाच माहिती उतरवणाऱ्या सगळ्या सेवांपुढची खूण काढून टाका. दोन-तीन डिस्कचं नाटक असेल तर एकाच फोल्डरात फायलींच्या नावांच्या शेवटी डॅश देऊन पार्ट१, पार्ट२ असं इंग्रजीत लिहा. मग ते सलग एकच नाटक म्हणून चालतं. डिस्कच्या कव्हरचा फोटो काढून त्याच फोल्डरात पोस्टर डॉट जेपीजी नावाने ठेवलात की तोच टीव्हीवर दिसतो. आजी कव्हर ओळखते, वाचत बसत नाही.

टीव्ही आणि घरातली माणसं

अँड्रॉइड टीव्ही, फायर टीव्ही आणि एलजीच्या टीव्हींसाठी जेलीफिनचं ॲप आहे. टीव्हीवरच्या ॲप स्टोअरमध्ये ॲप मिळालं नाही तर एचडीएमआयला लावायची स्टिक घेणं सोपं पडतं. प्रत्येकाचा वेगळा युजर करा, म्हणजे कोण कुठपर्यंत बघून थांबलं ते ज्याचं त्याला लक्षात राहतं. रिमोटने पासवर्ड टाइप करणं त्रासाचं असतं, त्यासाठी क्विक कनेक्ट आहे: टीव्हीवर सहा आकडे दिसतात, ते आपल्या फोनवरच्या जेलीफिनमध्ये टाकले की टीव्ही आत.

व्हिडिओ अडखळत असेल तर तो चालू असताना डॅशबोर्ड बघा. तिथे ट्रान्सकोडिंग लिहिलेलं दिसलं तर टीव्हीला ती फाइल जशीच्या तशी चालत नाही आणि सर्व्हर ती बदलून पाठवतोय. इंटेलच्या मशीनवर प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ बदलायची इंटेल चिपमधली खास सोय, चालू करा. जुन्या व्हीसीडींना याची गरज पडत नाही, इतक्या त्या हलक्या असतात.

घराबाहेरून, परदेशातून

पुण्यातलं लग्न न्यू जर्सीतल्या मावशीला दाखवायचं असतंच. त्यासाठी राउटरवर ८०९६ पोर्ट जगासाठी उघडू नका. शिवाय आपल्याकडे बऱ्याच इंटरनेट जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. तिथे पोर्ट उघडूनही काही होत नाही. त्याऐवजी टेलस्केल हे खाजगी जोडणी करून देणारं ॲप सर्व्हरवर आणि मावशीच्या फोनवर बसवा. आतून ते वायरगार्ड हे मजकूर गुप्त ठेवणारं तंत्र वापरतं आणि दोन्ही मशीन एकाच घरात असल्यासारखी जोडली जातात. त्याचा मधला समन्वयाचा सर्व्हर त्या कंपनीचा असतो. तोही स्वतःचा हवा असेल तर हेडस्केल हा मुक्तस्रोत पर्याय आहे, पण तो दुसऱ्या टप्प्यावर घ्या.

दुसरी प्रत

एकाच डिस्कवर सगळं ठेवून निर्धास्त राहू नका. ती आज ना उद्या बंद पडणार आहे. तेवढ्याच आकाराची दुसरी डिस्क घ्या आणि आरसिंक या कॉपी करणाऱ्या आज्ञेने सगळं तिच्यावर उतरवा. त्याबरोबर जेलीफिनची स्वतःची माहितीही घ्या. ती व्हार फोल्डरातल्या लिब फोल्डरात जेलीफिन नावाने असते. आजीने सांगितलेली ती नावं तिथे आहेत. कॉपी करण्याआधी जेलीफिन बंद करा, झाल्यावर सुरू करा. मग ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. आमची आत्याकडे असते, तिच्याच लग्नाच्या अल्बमशेजारी. गणपतीला जाताना मी ताजी प्रत घेऊन जातो, जुनी परत आणतो आणि डब्यावर तारीख लिहितो.