पिन काढली का?

अमेरिकेतल्या जॉर्जियात धनुष्याने हरणांची शिकार करायचा मोसम सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो. शिकारीचं लायसन्स, बिग गेम म्हणजे मोठ्या जनावरांचं लायसन्स आणि फुकट मिळणारं हार्वेस्ट रेकॉर्ड, म्हणजे मारलेल्या जनावरांचं नोंदपत्र, ऑगस्टमध्येच उरका. १ जानेवारी १९६१ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन, म्हणजे शिकारीचा सुरक्षा-कोर्स, लागतो, म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच. धनुष्य, बाण, पाणी वगैरे सांगत नाही.

पिन मात्र सांगतो. शिकारीच्या क्लबने भाड्याने घेतलेल्या रानाचा नकाशा शेडमध्ये टांगलेला असतो आणि प्रत्येक सभासदाच्या नंबरची एक पिन असते. ज्या मचाणावर बसणार तिथे ती खोचायची, मगच आत शिरायचं. खोचायला कुणी विसरत नाही, जागा अडवायची असते ना! काढायची राहते. माझी राहिली. मी घरी जेवून झोपलो, फोन सायलेंटवर, आणि पिन अजून खोचलेली बघून क्लबातली म्हातारी मंडळी टॉर्च घेऊन मध्यरात्रीपर्यंत मला झाडांखाली शोधत होती. तेव्हा ‘पिन काढली का?’ अशी चिठ्ठी गाडीच्या स्टिअरिंगवर चिकटवा. लाज वाटू देऊ नका.

हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षा-पट्टा, वर पोचल्यावर नाही, जमिनीवरच लाइफलाइनला, म्हणजे मचाणावरून खाली सोडलेल्या सुरक्षा-दोरीला अडकवा. माणसं चढता-उतरताना पडतात. धनुष्य खांद्याला लटकवून चढू नका, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या. सराव साध्या टोकांनी केला असेल तर ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पात्यांचं टोक, लावूनही नेम तपासा, बाण भलतीकडे जाऊ शकतो. आणि हो, उंचावरून मारून बघा. अंगणात उभं राहून मारलेले बाण मचाणावर कामाला येत नाहीत. बसण्याआधी सीटखाली टॉर्च मारा, गांधीलमाश्यांचं पोळं असतं. गोचिडांसाठी कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशीच मारून वाळवा. वारा तुमच्याकडून हरणाच्या वाटेकडे वाहत असेल तर हट्ट सोडा, दुसरं मचाण घ्या. आणि दुसरं घेतलंत तर? पिन हलवा. परत शेडपर्यंत चालावं लागलं तरी हलवा.

बाण छातीत लागला तरी अर्धा तास जागचे हलू नका. पोटात लागला असेल तर कित्येक तास थांबावं लागतं, आणि सप्टेंबरच्या उकाड्यात तेवढ्यात मांस नासतं, म्हणून शंका असेल तर बाण सोडूच नका. हरीण हलवण्याआधी हार्वेस्ट रेकॉर्ड भरा, २४ तासांत गेम चेक करा, म्हणजे शिकार सरकारी खात्याला कळवा. फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका. भारतात शिकारीवर बंदी घालणारा १९७२चा वन्यजीव कायदा आहे, काका-मावशांना समजावता समजावता मोसम संपेल.

मग पिन, गेट, कुलूप. बर्फ सकाळीच गाडीत हवा. मांस कापून देणारा रविवारी उघडा असतो का, ते शुक्रवारी फोन करून विचारा.