कीबोर्ड माळ्यावरून खाली काढा

माझ्या कीबोर्डच्या क्लासला नवीन मूल आलं की महिन्याभरात मी एकदा त्याच्या घरी जाऊन येते. वाद्य कुठे ठेवलंय ते मला बघायचं असतं. डोंबिवलीत बावीस वर्षं शिकवतेय, त्याआधी आठ वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवत होते. जे मूल मागे पडतंय, त्याच्या घरी बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं: कीबोर्ड बॅगेत, बॅग माळ्यावर, स्टँड दिवाणाखाली आणि अडॅप्टर टीव्हीखालच्या खणात. वाजवायचं म्हटलं की बाबांना हाक मारायची, शिडी आणायची, मग दिवाणावर पसारा मांडायचा. दहा वर्षांच्या पोराचा उत्साह तेवढ्यात विरतो. मोठ्यांचाही विरतो, नोकरीवरून दमून आलेल्यांचा तर नक्कीच.

म्हणून माझं सांगणं एवढंच असतं: वाद्य कायम मांडलेलं हवं, वायरी जोडलेल्या हव्यात, बटण दाबलं की सूर निघायला हवा. खाली जे जे लिहिलंय ते यासाठीच.

जागेपासून सुरुवात करू. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड साधारण ९५ सेंटिमीटर ते एक मीटर लांब असतो. ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो १३० ते १४० सेंटिमीटरपर्यंत जातो. बसणाऱ्याची जागा धरून भिंतीपासून सव्वा मीटर तरी मोकळं हवं. वन बीएचकेमध्ये एवढी जागा कुठून आणायची, असं सगळे विचारतात. वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने जोडून कीबोर्डच्या मापाचा तुकडा करा, जमिनीवर पसरा, मागे एक स्टूल ठेवा आणि दोन दिवस घरात तसेच वावरा. दार उघडताना आपटतंय का, कपाटाचा खण बाहेर येतोय का, रात्री गादी कुठे पडते, हे आपोआप कळतं. खिडकीखालची जागा टाळा, पावसाची झड आणि दुपारचं ऊन दोन्ही तिथेच येतं. स्वयंपाकघराच्या दाराजवळची पण नको. फोडणीचा धूर पट्ट्यांवर चिकट थर धरतो आणि त्यावर धूळ बसते. टीव्हीसमोर तर अजिबातच नको.

आता उंची. याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलते, कारण घरोघरी चूक इथेच होते.

माझ्या एका विद्यार्थिनीचं मनगट दुखायला लागलं होतं. आई रोज रात्री बाम चोळत होती. घरी गेले तर कीबोर्ड डायनिंग टेबलावर. टेप घेऊन मोजलं. टेबल ७६ सेंटिमीटर, वर कीबोर्डची जाडी १२, म्हणजे पट्ट्या जमिनीपासून ८८ सेंटिमीटरवर. पियानोच्या पट्ट्या साधारण ७३ सेंटिमीटरवर असतात. पोरगी खांदे कानापर्यंत उचलून, मनगट खाली लोंबकळत ठेवून वाजवत होती. मी तिला म्हटलं, हात खाली सोड, खांदे सैल कर, आता फक्त कोपरातून हात वर घे. तिचा हात जिथे थांबला तिथून पट्ट्या वीतभर वर होत्या. तिच्या आईनेही ते स्वतः पाहिलं.

हीच परीक्षा घरी करा. खांदे सैल, कोपर अंगाजवळ, कोपरापासून बोटांपर्यंतचा हात जमिनीला समांतर, आणि कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर. वाद्य खाली नेता येत नसेल तर आसन वर घ्या. मूल लहान असेल आणि आसन उंच केल्यावर पाय लोंबत असतील तर पायाखाली जेवणाचा पाट द्या. दोन पाट एकावर एक ठेवलेत तरी चालेल, फक्त ते सरकायला नकोत. पाय टेकले की पाठ आपोआप सरळ होते. उंची सुधारूनही दुखणं राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, बामावर भागवू नका.

आसनाला हात नकोत आणि चाकंही नकोत. ऑफिसच्या खुर्चीवर बसून वाजवणारे सारखे मागे सरकतात. प्लास्टिकच्या खुर्चीचे हात कोपराला लागतात. साधं घट्ट लाकडी स्टूल, वर पातळ उशी, पुरे.

स्टँडच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. बाजारात सर्रास मिळणारा फुलीच्या आकाराचा स्टँड कार्यक्रमाला न्यायला ठीक आहे, घरी रोज बसायला नाही. खाली घेतला तर त्याचे पाय पसरतात आणि गुडघे फुलीवर आपटतात. वर घेतला तर पाया अरुंद होतो आणि वाद्य डुलतं. चार पायांचं टेबल हवं. आमच्या गल्लीच्या टोकाला फॅब्रिकेशनवाला आहे, त्याच्याकडून मी एक इंची चौकोनी पाइपचं टेबल करून घेतलं. वर प्लायवुड, पायांना रबरी बूच, २,४०० रुपये पडले. माप काढायची रीत सोपी: ७३ मधून तुमच्या कीबोर्डची जाडी वजा करा. माझा कीबोर्ड ११ सेंटिमीटर जाड, म्हणून टेबल ६२. पुढच्या बाजूला आडवा पाइप घालू नका असं त्याला दोनदा सांगा, नाहीतर मांड्या अडतात.

पेटी वाजवणारे विचारतात की चौरंगावर ठेवून मांडी घालून चालेल का. भजनाला, नाट्यगीताला, एका हाताने सुरावट वाजवायला चालेल. पण पेटीवरून आलेल्यांचा डावा हात भात्याचा असतो, बोटांचा नसतो. माझाही तसाच होता. त्या हाताला कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे तीन-चार सूर, शिकवायच्या असतील आणि पायाला सूर लांबवायचं पेडल द्यायचं असेल तर स्टुलावरच बसायला हवं.

पेडल फरशीवर पुढे पुढे पळतं. खाली रबर असलेलं पायपुसणं टाका आणि पेडल त्यावर ठेवा. पेडल दाबल्यावर सूर तुटतो आणि सोडल्यावर लांबतो, असं उलटं झालं तर बिघडलं समजू नका. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल कुठल्या स्थितीत आहे ते बघून ठेवतात. तेव्हा पाय त्यावर असला तर सगळं उलटं होतं. बंद करा, पाय बाजूला घ्या, पुन्हा चालू करा. तरीही उलटंच राहिलं तर पेडलच दुसऱ्या जातीचं आहे, त्याच्या खाली एक छोटी कळ असते का बघा.

अडॅप्टरबद्दल कळकळीने सांगते. माझ्या पहिल्या कीबोर्डचा अडॅप्टर जळाला तेव्हा दुकानदार म्हणाला, "घेऊन जा ताई, पिन बसतेय ना, मग चालेल." पिन बसली होती. आत मात्र अधिक-उणे उलटं होतं. जळका वास आला आणि त्या संध्याकाळी माझं वाद्य गेलं. कीबोर्डच्या पाठीवर, अडॅप्टरच्या भोकाजवळ, व्होल्ट लिहिलेले असतात आणि एक छोटं चित्र असतं: मधला ठिपका अधिकला जोडलाय की उणेला. हे चित्र आणि व्होल्ट दोन्ही अगदी जुळले पाहिजेत. अँपिअर मात्र लिहिलेल्याइतके किंवा जास्त असलेले चालतात. फोनमध्ये त्या जागेचा फोटो काढून ठेवा आणि दुकानात तो दाखवा. घरात स्पाइक गार्ड लावा, आणि विजा कडाडायला लागल्या की प्लगच काढून ठेवा.

शेजाऱ्यांसाठी हेडफोन लागतोच. तो वायरचा घ्या. ब्लूटूथचा घेतला तर पट्टी दाबल्यावर आवाज किंचित उशिरा पोचतो आणि लय शिकणाऱ्याचे हात त्या उशिराला जुळवून घ्यायला लागतात. ही सवय नंतर मोडता मोडत नाही. भोक लहान म्हणजे साडेतीन मिलिमीटरचं आहे की मोठं, ६.३५ मिलिमीटरचं, ते बघून जोडपिन आणा. आवाज इतका ठेवा की शेजारी उभ्या माणसाचं साधं बोलणं ऐकू येईल. हेडफोन लावला तरी खालच्या मजल्यावरच्या आजींची झोपमोड होऊ शकते, कारण पट्ट्यांची टकटक टेबलाच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरते. टेबलाच्या प्रत्येक पायाखाली सतरंजीची चौपदरी घडी घाला, किंवा मुलांच्या खेळायच्या फोमच्या चौकोनी चटया. पण रोजच्या रियाजातला थोडा भाग स्पीकरवर झालाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. घरच्यांच्या कानावर सूर पडू देत. लॅपटॉप जोडल्यावर घुंऽऽ आवाज आला तर त्याचा चार्जर काढून बघा, बहुधा तोच कारण असतो.

आणि पावसाळा. एका जुलैत माझ्या वाद्याचा मधल्या सप्तकातला ग अचानक ओरडायला लागला. हळू दाबा, जोरात दाबा, एकच मोठा आवाज. प्रत्येक पट्टीखाली रबराचा छोटा घुमट असतो, त्यात काळे दोन ठिपके. पट्टी खाली जाताना एक आधी टेकतो, दुसरा नंतर. दोघांमधल्या वेळावरून वाद्याला कळतं की बोट किती जोरात पडलं. एका ठिपक्याखाली ओलसर धूळ बसली की हा हिशेब चुकतो, मग पट्टी ओरडते नाहीतर मुकी होते. मी स्वयंपाकघरात चादर पसरली, वाद्य पालथं घातलं आणि स्क्रू काढत गेले. प्रत्येक स्क्रू ज्या जागेवरून निघाला, तशाच क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवला. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ठिपके हलक्या हाताने पुसले. आतून एक झुरळ आणि तिघाचौघांच्या शेंगदाण्यांची सालं निघाली. वॉरंटीतलं वाद्य मात्र घरी उघडू नका.

तेव्हापासून क्लासमध्ये खाऊ बंद आहे. झाकायला सुती साडीचा तुकडा वापरते. प्लास्टिक नको, त्याच्या आत दमटपणा कोंडतो. पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी वाजवा, ते वाद्यालाही बरं असतं. दसऱ्याला वाद्याची पूजा मीही करते, पण हळद-कुंकू टेबलाच्या पायाला लावते आणि फूल शेजारच्या ताटलीत ठेवते. अक्षता आणि कुंकू पट्ट्यांच्या फटीत गेलं की ते दिवाळीपर्यंत कुरकुरत राहतं.

राहिल्या बारीक गोष्टी. दिवा डाव्या बाजूने, पुस्तक डोळ्यांच्या पातळीत, फोन दुसऱ्या खोलीत. ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळी पट्टी वर-खाली सरकवायचं बटण रियाजात शून्यावर. गायक काळी दोन म्हणाला, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून गाणार असला, की बटण दाबून पांढरी एकची बोटं वाजवायची सवय लागली, तर काळ्या पट्ट्या कायम परक्या राहतात. टेबलाला सुतळीने एक वही आणि पेन्सिल बांधा, आज काय वाजवलं ते दोन ओळींत लिहा.

सगळं मांडून झालं की घड्याळ लावा: वाजवूया असं मनात आल्यापासून पहिला सूर निघेपर्यंत किती वेळ जातो. मिनिटाच्या आत यायला हवं. मनगट दुखणाऱ्या त्या पोरीच्या घरी आता दिवाणाच्या पायथ्याशी ६१ सेंटिमीटरचं टेबल आहे आणि खाली दोन पाट. मागच्या आठवड्यात तिच्या आईने मोजलं. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवून, हात धुऊन, पुसून, साडीचा तुकडा बाजूला करेपर्यंत पन्नास सेकंद.