डेंड्रिटिक पेशी मेल्या, दोष मात्र टी पेशींना: इन्फ्लमसोमच्या प्रयोगात या चुका टाळा

डेंड्रिटिक पेशींमधलं इन्फ्लमसोम (धोका ओळखून दाह पेटवणारा प्रथिनांचा संच) चालू करायला नायजेरिसिन हा ट्रिगर घातला, सुपरनॅटंटमध्ये म्हणजे पेशींवरच्या द्रवात दाहाचा संदेश देणारा आयएल-१ बीटा भरपूर आला. आता त्याच डेंड्रिटिक पेशींवर टी पेशी सोडायच्या आणि टीएच१७ (आयएल-१७ सोडणाऱ्या टी पेशी) मोजायच्या, असा बेत असतो. सहाव्या दिवशी पाहावं तर टी पेशी वाढलेल्याच नाहीत. मग वहीत लिहिलं जातं, ‘इन्फ्लमसोममुळे टी पेशी दबतात.’ पुष्कळदा दबलेलं काहीच नसतं, त्यांना शिकवणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात.

इन्फ्लमसोम चालू झालं की कॅस्पेज-१ हे एन्झाइम प्रो-आयएल-१ बीटा, म्हणजे आयएल-१ बीटाचं कच्चं रूप, कापतं, तसंच गॅसडर्मिन डी हे प्रथिनही कापतं. त्याचा पुढचा तुकडा पेशीच्या पडद्याला भोकं पाडतो. त्याच भोकांतून आयएल-१ बीटा बाहेर पडतो आणि भोकं वाढत गेली की पेशी फुटते. टी पेशीला मात्र एचएलए या पृष्ठभागावरच्या प्रथिनावर पेप्टाइड धरलेली, सीडी८६ हा साथीचा संकेत दाखवणारी जिवंत पेशी लागते. म्हणजे एका हाताने मिळतं ते दुसऱ्या हाताने जातं.

हिशोब करून पाहा. ९६ वेलच्या गोल तळाच्या प्लेटमध्ये १०,००० डेंड्रिटिक पेशी आणि १,००,००० टी पेशी, म्हणजे १:१० प्रमाण. नायजेरिसिनने ७० टक्के मेल्या तर उरल्या ३,००० आणि प्रमाण झालं साधारण १:३३. शेजारच्या कंट्रोल वेलमध्ये अजून १:१० आहे. ही तुलनाच चुकीची. म्हणून ट्रिगरनंतर ७-एएडी किंवा ट्रिपॅन ब्लू या मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगांनी जिवंत पेशी मोजा, सुपरनॅटंटमधला एलडीएच (फुटलेल्या पेशीतून सांडणारं एन्झाइम) पाहा आणि प्रत्येक गटात जिवंत पेशींचा आकडा सारखा ठेवून मगच टी पेशी घाला.

ब्लॉटसाठी (प्रथिनांच्या पट्ट्या पाहण्याच्या चाचणीसाठी) १० मायक्रोमोलर नायजेरिसिन एक तास ठीक आहे. को-कल्चरसाठी, म्हणजे दोन्ही पेशी एकत्र वाढवायला, तोच डोस उचलू नका. १०, ५, २, १ असं उतरवत जा, वेळही ३० मिनिटांवर आणा आणि पेशी निदान दोनदा धुवा. उरलेलं नायजेरिसिन टी पेशींचंही पोटॅशियम बाहेर काढतं, ते कोणाला ओळखत नाही. ५ मिलिमोलर स्टॉक इथेनॉलमध्ये असेल तर १० मायक्रोमोलरला ०.२ टक्के इथेनॉल जातं. तेवढंच इथेनॉल कंट्रोललाही द्या.

नायजेरिसिनऐवजी एटीपी वापरणाऱ्यांची चूक वेगळी. डायसोडियम एटीपीचं पाण्यातलं १०० मिलिमोलर द्रावण चांगलंच आंबट असतं. ते तसंच ५ मिलिमोलरपर्यंत घातलं की मीडियम पिवळं पडतं आणि पेशी आम्लाने मरतात. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ वर आणा, छोटे भाग करून गोठवा. सीरममधली एन्झाइम्स एटीपी तोडतात, म्हणून हा टप्पा सीरमविना. ट्रिगर खरंच एनएलआरपी३चा (इन्फ्लमसोममधल्या धोका ओळखणाऱ्या प्रथिनाचा) आहे का, याची स्वस्त परीक्षा म्हणजे मीडियममध्ये ५० मिलिमोलर जादा पोटॅशियम क्लोराइड. आयएल-१ बीटा घटला पाहिजे. एमसीसी९५० (एनएलआरपी३ अडवणारं रसायन) असेल तर ते एलपीएस या जिवाणूच्या भिंतीतल्या पदार्थाच्या पहिल्या सिग्नलनंतर, दुसऱ्या सिग्नलच्या म्हणजे ट्रिगरच्या अर्धा तास आधी द्या.

नुसत्या एलपीएसने आयएल-१ बीटा दिसतो

प्रोटोकॉल उंदराचा असेल तर इथे फसाल. माणसाच्या मोनोसाइट्स (रक्तातल्या ज्या पेशींपासून डेंड्रिटिक पेशी घडवतात त्या) नुसत्या एलपीएसवर, न फुटता, आयएल-१ बीटा सोडतात. जिवंत राहून आयएल-१ सोडणाऱ्या डेंड्रिटिक पेशींचं २०१६चं काम मुख्यतः उंदरांवरचं आणि कॅस्पेज-११वर बेतलेलं आहे. माणसात त्या जागी कॅस्पेज-४ आणि ५ आहेत. त्यामुळे एलपीएसच्या वेलमध्ये आकडा वर असेल तर आधी शंका घ्या की मोनोसाइट पुरते बदललेलेच नाहीत. जीएम-सीएसएफ ५० आणि आयएल-४ २०–५० नॅनोग्रॅम प्रति मिली देऊन सहाव्या दिवशी सीडी१४ (मोनोसाइटची खूण) खाली आणि सीडी२०९ (डेंड्रिटिक पेशीची खूण) वर हवा. तसं नसेल तर पुन्हापुन्हा वितळवलेली आयएल-४ची व्हायल आधी तपासा.

प्रायमिंग, म्हणजे पहिला सिग्नल, प्रति मिली १०० नॅनोग्रॅम एलपीएसने ३–४ तास. रात्रभर ठेवायचं नाही. याउलट, फक्त दुसरा सिग्नल दिलेल्या वेलमध्ये आयएल-१ बीटा आला तर रिएजंटमध्ये एंडोटॉक्सिन (म्हणजे एलपीएसच) आहे असं समजा. फटकडीचे क्षार यात नेहमीचे संशयित. कॅस्पेज-१च कापतं त्या दुसऱ्या संदेशकाला, आयएल-१८ला, मात्र हा नियम लावू नका, त्याचा पूर्वरूप साठा पेशीत आधीच असतो.

एलायझा या प्रथिन मोजण्याच्या चाचणीवर एकट्यावर विसंबू नका. फुटलेल्या पेशींतून न कापलेला ३१ किलोडाल्टनचा प्रो-आयएल-१ बीटाही सांडतो आणि पुष्कळ किट तोही थोडाफार धरतात. ब्लॉटमध्ये १७ किलोडाल्टनची पट्टी हवी. सीरममधल्या भरपूर अल्ब्युमिनने ब्लॉट बिघडतो, म्हणून ब्लॉटचा नमुनाही सीरमविना.

रक्त आणि नाशिकची हवा

द्राक्षं प्री-कूलिंगला घालतात तसं रक्त थंड करू नका. बर्फात किंवा फ्रिजमध्ये राहिलेल्या रक्तातले न्यूट्रोफिल हलके होऊन मोनोन्यूक्लिअर थरात शिरतात. मे महिन्यात नाशिकच्या द्वारकेहून गंगापूर रोडला बफी कोट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा थर) न्यायचा असला तरी १८–२२ अंश राखणारा डबा घ्या. फिकॉलही (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण) तेवढ्याच तापमानाला हवं: जानेवारीच्या सकाळी ते गार असतं, एप्रिलमध्ये तापलेलं, आणि दोन्ही वेळा घनता हलते. ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. लाइट जाते तेव्हा इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइडही जातो, म्हणून तो यूपीएसवर ठेवा.

टी पेशींच्या बाजूने

न निवडता सगळ्या सीडी४ टी पेशी वापरून ‘टीएच१७ घडवल्या’ म्हणणं धाडसाचं आहे. आयएल-१ बीटा आणि आयएल-२३ मिळाले की जुन्या मेमरी पेशी लगेच आयएल-१७ सोडतात. सीडी४५आरए असलेल्या, सीडी४५आरओ नसलेल्या, म्हणजे अजून न शिकलेल्या पेशी घ्या, शुद्धता ९५ टक्क्यांवर. आयएल-१८ भरपूर पण इंटरफेरॉन गॅमा नाही, अशी तक्रार असेल तर आयएल-१२ पी७० (आयएल-१२चं काम करणारं रूप) मोजा. आयएल-१८चा रिसेप्टर वर यायला आयएल-१२ लागतो आणि मानवी डेंड्रिटिक पेशी नुसत्या एलपीएसवर तो जेमतेम देतात. एलपीएससोबत इंटरफेरॉन गॅमा किंवा सीडी४० लायगंड द्या. इंटरफेरॉन गॅमा दिलात तर टी पेशी घालण्याआधी धुवून काढा, नाहीतर शेवटी तोच मोजाल.

बदल आयएल-१मुळेच झाला हे दाखवायला दोन गट वाढवा: ट्रिगर न दिलेल्या पेशी अधिक प्रति मिली १० नॅनोग्रॅम रिकॉम्बिनंट आयएल-१ बीटा, आणि ट्रिगर दिलेल्या पेशी अधिक अनाकिन्रा (आयएल-१चा रिसेप्टर अडवणारं औषध). दाते बदलले की आकडे पार बदलतात. म्हणून प्रत्येक दात्याचे सगळे गट एकाच दिवशी लावा आणि तुलना त्याच दात्याच्या आत, जोडीने करा.