गडाची वाट आपल्या शेतातून देताना

गडाच्या पायथ्याला शेत असलं की पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी माणसं येणारच. गड सरकारी, वरचं रान वनखात्याचं, पण मधला भातखाचरांचा पट्टा बहुतेक गावांत कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. २०२५ साली राजगड, लोहगड, साल्हेर असे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, म्हणजे ही वर्दळ आता ओसरायची नाही. माणसं नाही म्हटलं तरी बांध तुडवत जातातच. त्यापेक्षा वाट आपणच आखून द्यावी, आपल्या अटींवर द्यावी, असं माझं मनापासूनचं मत आहे. मात्र तयारी वैशाखातच उरका, लावणी लागली की कुणाचा हात रिकामा नसतो.

आधी एका रविवारी पहाटे बांधावर बसून नुसतं बघा, माणसं कुठून शिरतात, कुठे चुकतात. पाय आपोआप जिथून जातात त्याच्या जवळूनच वाट काढा, लांबचा वळसा कुणी पाळत नाही. मग भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत आणा. ती वाट नकाशात पायमार्ग किंवा शिवरस्ता म्हणून आधीच असेल, तर ती द्यायची की अडवायची हा प्रश्न तुमच्या एकट्याचा उरत नाही. नसेल, तर सातबाऱ्यावरच्या सगळ्या खातेदारांना विचारा, लग्न होऊन गेलेल्या बहिणींनासुद्धा. त्यांना नंतर कळलं की घरात वाद ठरलेला.

कागदाचं काम छोटं आहे, पण तेच लोक टाळतात. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्या-येण्यासारख्या हक्कांचा कायदा) शेजारच्या जमिनीचा मालक तुमची वाट हक्काने, उघडपणे, अडथळ्याविना सलग २० वर्षं वापरत राहिला, तर त्यावर कायमचा हक्क सांगू शकतो. परवानगीने वापरलेल्या वाटेवर असा हक्क लागत नाही. म्हणून दोन्ही टोकांना पाटी लावा : ‘ही वाट खासगी जमिनीतून, मालकाच्या परवानगीने आहे. सार्वजनिक रस्ता नाही.’ पाटीचा तारखेसकट फोटो काढून ठेवा आणि तसंच एक पत्र ग्रामपंचायतीला देऊन पोच घ्या. शेजारी फार्महाउस किंवा तंबूवाला असेल, त्याची गिऱ्हाइकं तुमच्या बांधावरून जाणार असतील, तर त्याच्याशी वेगळं लेखी करा.

आणखी एक. एखादी मंडळी चांगल्या मनाने म्हणतील, आम्ही स्वखर्चाने सिमेंटच्या पायऱ्या बांधून देतो. लगेच हो म्हणू नका. परवानगीच्या भरवशावर कुणी पैसे घालून पक्कं काम केलं की ती परवानगी मागे घेणं कायद्याने अवघड होऊन बसतं. दगड रचायचेच असतील तर आपण रचावेत, सुके, उचलता येतील असे.

आता धोक्याच्या जागा, आणि इथे घाई करू नका. आपल्याला माहीत असलेला आणि येणाऱ्याला दिसणार नाही असा धोका सांगणं ही त्याच कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. आमच्या खालच्या विहिरीला कठडा नव्हता. श्रावणात गवत काठाबरोबर वाढतं आणि विहीर दिसतच नाही. एकदा धुक्यात एक मुलगी काठाच्या दोन हातांवर थांबली, तीही पायाखालचा दगड आत पडल्याचा आवाज आला म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी विहिरीभोवती तारेचं कुंपण घातलं, कठडा नंतर बांधला. विहीर, झटका मशीनची (विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाची) तार, ओढ्याला पूर येतो ती जागा, आग्या मोहोळाची झाडं, सगळ्यांजवळ वेगळ्या पाट्या हव्यात. कुत्रं चावरं असेल तर शनिवार-रविवार बांधून ठेवा.

बांधाचं नीट समजावून सांगावं लागतं, शहरातल्या पोरांना ते ठाऊक नसतं. एका बुटाने बांधाची कड ढासळली की रात्रीत खाचरातलं पाणी उतरतं आणि नुकती लावलेली रोपं उघडी पडतात. म्हणून वाट रुंद बांधावरून काढा, निसरड्या जागी सपाट दगड घाला, आणि लावणीचे पंधरा-वीस दिवस वाट बंद राहील हे आधीच पाटीवर लिहा. कुंपणात माणूस आडवा होऊन जाईल पण जनावर शिरणार नाही इतकीच फट ठेवा, कारण ताटी उघडी टाकून जाणारे कमी नाहीत. गाड्या कुठे लावायच्या ते सरपंचांशी बोलून ठरवा. बायकांसाठी आडोसा आणि पाणी, एवढं जमलं तर जरूर करा. होळीच्या सुमारास गवत वाळलं की विडी-काडी, चूल पूर्ण बंद.

दगडांवर चुन्याचे बाण काढले असतील तर पहिल्या दोन-तीन सरींनंतर स्वतः वाट चालून या. ते धुऊन गेलेले असतात, पुन्हा काढावे लागतात.