घोडा बोर्डिंगला ठेवलाय आणि तिथलं काही पटत नाही? भांडण्याआधी हे करा

माझी घोडी रेवा, तिचा तंग (खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा) मी कायम चौथ्या भोकावर बसवायचे. एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी खोगीर चढवलं, तंग ओढला आणि बकल सहाव्या भोकात जाऊन बसलं. घोडी शांत उभी होती. खरारा झालेला, अयाळ विंचरलेली, ठाण झाडलेलं. वरवर बोट ठेवायला जागा नव्हती, फक्त ती दोन भोकं.

मुलीच्या दहावीच्या गडबडीत मी पाच आठवडे तबेल्याकडे फिरकले नव्हते, हे आधीच कबूल करते. पुण्याच्या आसपास स्वतःची जागा नसलेले माझ्यासारखे लोक महिन्याचे पैसे भरून घोडा बोर्डिंगला ठेवतात. चंदी (म्हणजे दाण्याचा खुराक), वैरण, पाणी, साफसफाई सगळं तबेला बघतो, आपण शनिवार-रविवारी जातो. बिनसतं ते मधल्या पाच दिवसांत.

मी तिथल्या तिथे मालकांना फोन लावला आणि चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी बादल्या लखलखीत, गव्हाणीत ताजी लसूणघास, सगळे अदबीने बोलतायत. आधी काय चाललं होतं ते कळायची वाटच मी माझ्या हाताने बंद केली होती. शिवाय घोडी त्यांच्याच ताब्यात. घरमालकाशी भांडलात तर रात्री तुम्ही तिथे असता. इथे रात्री तिथे फक्त घोडा असतो. म्हणून आधी पुरावा, मग बोलणं, मग नवी जागा आणि सगळ्यात शेवटी निरोप, हा क्रम मोडू नका.

आठवडाभर नुसतं बघा

नेहमीच्या वेळी जाऊ नका. एकदा पहाटे चंदीच्या वेळी जा, एकदा दुपारी दोनला, एकदा रात्री जेवणं झाल्यावर. कारण विचारलंच तर सांगा, इकडे काम होतं.

बादलीत हात घाला. पाणी आहे एवढ्यावर जाऊ नका, आतली कड बोटाला बुळबुळीत लागते का ते बघा. चारशे किलोचा घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी सहज पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मग लीद बघा. चांगली लीद ओलसर असते आणि जमिनीवर पडली की फुटते. लहान, कोरड्या, वरून बुळबुळीत गोळ्या दिसल्या तर पाणी किंवा चारा कमी पडतोय. कडब्याची पेंढी उन्हात झटका. पांढुरका भुगा उडाला आणि कुबट वास आला तर ती बुरशी. पाय उचला. खुराच्या तळाशी जो मऊ त्रिकोणी भाग असतो त्याच्या खाचांत काळं, घाण वासाचं काही साचलं असेल, तर घोडा ओल्या लिदीत उभा राहतोय. नालबंद शेवटचा कधी आला तेही विचारा. सहा ते आठ आठवड्यांच्या पुढे गेलं असेल तर उशीर झालाय.

सोमवारी, कुणी सवारी केलेली नसताना, पाठीवर खोगिराच्या आकाराचा वाळलेला घाम दिसला, तर तो विषय वेगळा. त्याकडे पुढे येते.

वजनाचा अंदाज घ्यायला काटा लागत नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. शिंप्याची टेप दीडशे सेंटिमीटरला संपते, म्हणून सुतळी गुंडाळा, गाठ मारा आणि मग सुतळी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७ केलं की किलोत अंदाज मिळतो. घेर १६५ आणि लांबी १६० असेल तर साधारण ३६७ किलो. घेर १६० झाला की ३४५. माझ्या तंगाची दोन भोकं म्हणजे हेच पाच सेंटिमीटर, वीस-बावीस किलो.

आता चंदी. बहुतेक तबेल्यांत ती डब्याने मोजतात, त्यामुळे "दोन डबे देतो" या उत्तराला काही अर्थ नसतो. मी भाजीवाल्यांकडे असतो तसला ताणकाटा नेला आणि मोतद्दार मामांना, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसाला, म्हटलं, "मामा, नेहमीचा डबा भरा, मला बघायचंय." डबा नवा होता. जुना तेलाचा मोठा डबा जाऊन तिथे प्लास्टिकची बरणी आली होती. मामा खाली बघत म्हणाले, "ताई, मी रोज दोन मोजून घालतो. बरणी कुणी आणली ते मला विचारू नका." दोन किलोची चंदी सव्वा किलोवर आली होती.

चंदीइतकंच, किंबहुना जास्त, वैरणीकडे बघा. घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज लागतो, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो. हिरवा चारा ढीगभर दिसतो, पण त्यात तीनचतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. चाऱ्याची पोकळी हरभऱ्याने भरून काढणाऱ्या तबेल्यात पोटशूळ ठरलेला.

दिसेल त्याचा फोटो काढा आणि वहीत तारीख-वेळ लिहा. वहीत फक्त दिसलेलंच लिहा. "मुद्दाम उपाशी ठेवतात" असं नको. "१२ तारीख, दुपारी २.१०, बादली रिकामी" एवढं पुरे.

तातडीचं असेल तर हा लेख बाजूला ठेवा

घोडा वारंवार पोटाकडे वळून बघतोय, लोळतोय, लीद थांबलीय, खाणं सोडलंय, तर डॉक्टरांना थेट तुम्हीच फोन करा. मालकांना विचारत बसू नका. घोड्याला उलटी होत नाही, पोटात साचलं की तास मोजून घ्यावे लागतात. विश्रांतीच्या नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. ते साठीच्या वर गेले, हिरड्या पांढऱ्या किंवा विटकरी झाल्या, तर हे बोर्डिंगच्या तक्रारीचं प्रकरण राहिलेलं नाही.

दुसऱ्या टोकाला आपल्या आवडीनिवडी असतात. शेपटीला कंगवा नाही, झूल मातकट, शेजारच्या ठाणात आपल्याला न आवडणारा घोडा. हे सगळं गिळा. तक्रारींची संख्या वाढली की वजनदार तक्रारही त्यात हरवते.

ठरलं काय होतं?

लेखी करार असेल तर तो शांतपणे वाचा. खुराकाचं प्रमाण, डॉक्टर आणि नालबंदाचा खर्च कुणाचा, सोडताना किती दिवसांची नोटीस. बहुतेकांकडे करार नसतोच. आमचाही व्यवहार चहावर ठरला होता. मग व्हॉट्सॲपवरचे जुने निरोप, पैसे पाठवल्याच्या नोंदी, पहिल्या महिन्याचं बिल, जे असेल ते एका ठिकाणी जमवा.

कागद नसला तरी कायदा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला देण्यावर एक पूर्ण प्रकरण आहे आणि त्यातली उदाहरणं वाचताना गंमत वाटते, कारण त्यांत घोडेच घोडे आहेत. कलम १५१ म्हणतं, सांभाळणाऱ्याने शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घ्यायला हवी. कलम १५४ त्या वाळलेल्या घामासाठी आहे. ठरल्याबाहेरचा वापर केला आणि इजा झाली, तर काळजीपूर्वक वापरलं होतं ही सबब चालत नाही. तिथलं उदाहरण असं: एकाने फक्त स्वतःच्या सवारीसाठी घोडा घेतला आणि घरातल्या दुसऱ्याला बसू दिलं. त्याने नीटच चालवला, तरी घोडा अपघाताने पडून जखमी झाला. भरपाई घोडा घेणाऱ्यानेच द्यायची. तुमचा घोडा न विचारता शिकाऊ मुलांना किंवा लग्नाच्या वरातीला दिला जात असेल, तर हे कलम मालकांना सौम्य आवाजात वाचून दाखवा. घोडी तिथेच व्याली, तर वेगळं काही ठरलेलं नसताना शिंगरू तुमचं, हे कलम १६३.

आपली बाजूही तपासा. घोडा चावरा किंवा लाथाळ आहे हे ठेवताना सांगितलं होतं का? पैसे वेळेवर जातात का? माझे दोन महिने उशिरा गेले होते आणि उन्हाळ्यात वैरणीचे भाव कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे. बरणी लहान होण्यामागे माझाही थोडा हात असावा.

बोलायचं कुणाशी आणि कसं

मोतद्दाराला मध्ये ओढू नका. "मामांनी सांगितलं" हे वाक्य तोंडातून गेलं की मामांची नोकरी जाते आणि घोड्याची खरी काळजी घेणारा एकुलता एक माणूस तुम्ही गमावता. मालकांना समोरासमोर भेटा, तेही चंदीच्या धावपळीत नाही आणि इतर घोडेमालकांच्या देखत तर मुळीच नाही. मुद्दे तीनच ठेवा. निघाल्यावर त्याच दिवशी निरोप पाठवा. मी पाठवलेला साधारण असा होता:

"नमस्कार दादा, आज भेटलात, बरं वाटलं. आपलं ठरलं ते लिहून ठेवते. रेवाला सकाळ-संध्याकाळ मिळून दोन किलो चंदी वजन करून, सुका चारा रोज सात किलो, दुपारी बारा आणि चार वाजता पाणी भरलेलं असेल. मागचे पैसे मी उद्या जमा करते. महिन्याभराने पुन्हा माप घेऊ. काही राहिलं असेल तर सांगा."

यात आरोप एकही नाही, पण आकडे आहेत आणि तारीख आहे. उत्तर "ओके" आलं तरी चालतं.

महिना द्या. गेलेलं वजन आठ दिवसांत भरत नाही, आणि घाईने चंदी वाढवली तर पोटच बिघडतं. पाणी आणि स्वच्छता मात्र दुसऱ्या दिवसापासून सुधारायला हवी, त्याला महिना कशाला?

नवी जागा गुपचूप शोधा

सुधारणा झाली नाही, तर नोटीस देण्याआधी दुसरी जागा पक्की करा. बघायला भर दुपारी, न सांगता जा. ऑफिस आणि रिंगण बघू नका, तिथल्या घोड्यांचे खूर बघा. एका मोतद्दाराकडे किती घोडे आहेत ते विचारा. मे महिन्यात पाणी कुठून येतं? पावसाळ्यात लीद कुठे टाकतात? चावऱ्या माशांमधून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरतो, त्यामुळे उकिरडा आणि डबकी ठाणाला खेटून नकोत. रात्री दोनला पोटशूळ झाला तर डॉक्टरांना फोन कोण करतं, या प्रश्नाला तिथे माणसाचं नाव मिळायला हवं. "करतो की कुणीतरी" असं उत्तर आलं की मी चहा न घेता निघते.

निघताना

नोटीस लेखी आणि गोड भाषेत द्या. कारण "घराजवळ जागा मिळाली" एवढंच. खरं-खोटं करायची ही वेळ नाही, घोडा अजून आत आहे. हिशेब बँकेतून चुकता करा आणि "बाकी काही नाही" असं लिहून घ्या. लसीकरणाची वही, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा अहवाल, खोगीर, लगाम, झूल, बादल्या सगळ्याची यादी करून फोटो काढा. वाहतुकीसाठी पशुवैद्यकांचा आरोग्य दाखला लागतो, तो आदल्या दिवशी करून घ्या. कधी ट्रकमध्ये न चढलेला घोडा असेल तर आठवडाभर आधी सराव द्या. ट्रक सकाळी लवकर बोलवा, सोबत तुमच्या ओळखीचा एक धीराचा माणूस ठेवा.

क्वचित मालक घोडा अडवतात. "आधी अमुक इतके द्या, मग न्या." अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० मध्ये आहे, पण तो वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्चून केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता. नुसतं ठेवणं-खाऊ घालणं त्यात बसतं का, यावर वकील तासभर बोलू शकतील, आणि तोवर घोडा त्यांच्याकडेच. म्हणून रक्कम फार मोठी नसेल तर "हरकत राखून देत आहे" असं लिहून बँकेतून भरा, घोडा बाहेर काढा आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. सेवेतल्या त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घ्या. घोडा भाड्याने देऊन धंदा करत असाल तर तुम्ही ग्राहक ठरता का हा प्रश्न येतो, तेव्हा वकील गाठा. आणि रागाच्या भरात पैसे थांबवून घोडा तिथेच टाकून देऊ नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अन्नपाणी-निवारा न दिल्याची आणि जनावर सोडून दिल्याची जबाबदारी मालकावर, म्हणजे तुमच्यावर येते.

इंटरनेटवर लिहायचंच असेल तर घोडा बाहेर आल्यावर, आणि ज्याचा फोटो आहे तेवढंच.

जुन्या तबेल्यातून आठवडाभराची चंदी आणि दोन-चार पेंढ्या विकत घेऊन जा. नवा खुराक सात ते दहा दिवसांत थोडा थोडा मिसळत न्यायचा. नव्या जागी पहिले दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून लांब बांधा आणि रोज ताप मोजा. साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस ठीक. मी यादीत सगळं लिहिलं होतं, फक्त रेवाची जुनी निळी बादली तिकडेच राहिली. नवं पाणी बोअरचं होतं. तिने नाक लावलं, फुरफुरली आणि रात्रभर प्यायली नाही. सकाळी त्यात मुठीएवढा गूळ विरघळवल्यावर अर्धी बादली एका दमात संपवली.